इंजिन तापले की स्टार्टर का रुसतो?
जुन्या शेवरोले व्ही-८ गाड्यांत स्टार्टर इंजिनाच्या तळाशी, एक्झॉस्टच्या शेजारी असतो आणि त्याचा सोलेनॉइडही त्याच्याच पाठीवर बसवलेला असतो. सकाळी चावी फिरवताच सुरू होणारी गाडी तासभर धावून पेट्रोलसाठी थांबली, की नुसती ‘टक’ करते. निवली की निमूटपणे चालू होते.

तापमान २० वरून १२० अंश सेल्सियसवर गेले, की तांब्याचा रोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. सोलेनॉइडच्या वेटोळ्यात प्रवाह घटतो, ओढ कमी पडते. जुन्या वायरी आणि गंजलेली टोके उरलेसुरले व्होल्ट खातात.

अशा वेळी लगेच नवा स्टार्टर घेणे म्हणजे बहुधा खिशाला चाट. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला ठेवून आणि इंजिन गरम असतानाच तपासणी करावी. थंड गाडीत दोष सापडतच नाही. चावी फिरवलेली असताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. मग सोलेनॉइडच्या ‘एस’ खुणेच्या छोट्या टोकावर मीटर लावावा. तिथे बॅटरीपेक्षा बरेच कमी व्होल्ट असतील, तर दोष चावीकडून येणाऱ्या वायरिंगचा. पुरेसे असूनही नुसती ‘टक’ होत असेल, तर सोलेनॉइडचा किंवा मोटरचा. इंजिन फिरते पण रखडत, असे असेल तर जाड केबल, अर्थिंगची पट्टी, झिजलेले बुश पाहावेत. इग्निशन टायमिंग फार पुढे असले तरी हेच होते.

वायरिंगच्या दोषावर रिले आणि उष्णतेवर पत्र्याची ढाल हे स्वस्त इलाज. फोर्डसारखा वेगळा सोलेनॉइड लावण्याची युक्ती लोकप्रिय आहे, पण झिजलेले ब्रश तिने सुधारत नाहीत.