स्पंजच्या पोटावर जगणारा कीटक

स्पंज म्हटला की आपल्याला आठवतो तो पाटी पुसण्याचा तुकडा. पण खरा स्पंज हा प्राणी आहे, आणि तो फक्त समुद्रातच राहतो असेही नाही. तळ्याच्या पायरीवर किंवा बुडालेल्या काटकीवर हिरवट-करडा, खरखरीत थर दिसला तर शेवाळ समजून लगेच खरवडू नका. तो गोड्या पाण्यातला स्पंज असू शकेल.

या स्पंजवर 'सिसिरा' नावाचा कीटक वाढतो. पिकावरचा मावा फस्त करणारा क्रायसोपा शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे. सिसिरा त्याचाच छोटा, तपकिरी भाऊबंद. पंखांवर तशीच नाजूक जाळी, पण अंग जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचे. संध्याकाळी तो दिव्याकडे येतो आणि आपण चिलट समजून त्याला झटकून टाकतो! जगात या कुळाच्या सुमारे ७० जाती आहेत.

मादी पाण्यावर झुकलेल्या पानावर अंडी घालते व त्यांवर रेशमाचे पांघरूण घालते. अंड्यातून निघालेली अळी खाली पाण्यात पडते आणि स्पंज शोधू लागते. स्पंजच्या अंगात काचेसारख्या बारीक सुया असतात, त्यामुळे त्याच्या वाटेला फारसे कोणी जात नाही. अळीचे तोंडही सुईसारखेच! ते खुपसून ती पेशींतला रस शोषते. पोटाखालच्या कल्ल्यांनी ती पाण्यातच श्वास घेते. पूर्ण वाढ झाल्यावर काठावर येऊन कोश विणते. गंमत म्हणजे रेशमाच्या किड्याप्रमाणे तिचा धागा तोंडातून येत नाही, तो शरीराच्या मागच्या टोकातून निघतो.

मुंबईच्या तळ्यांतील स्पंजांचे वर्णन हेन्री कार्टर या डॉक्टरांनी १८४९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतल्या एका जातीला पुढे कार्टर यांचेच नाव मिळाले. आपल्याकडच्या सिसिराला 'सिसिरा इंडिका' हे नाव मात्र १९०९ मध्ये, कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयातील नमुन्यांवरून, नीडहॅम या अमेरिकन अभ्यासकाने दिले.

उन्हाळ्यात तळे आटले तरी स्पंज खसखशीएवढे बीजगोल मागे ठेवतो; पाणी आले की त्यांतून तो पुन्हा वाढतो. तळेच बुजवले तर त्याच्याकडे उपाय नाही, आणि स्पंज गेला की सिसिराच्या अळीचे अन्नच गेले. कार्टर यांच्या काळातल्या मुंबईत तळी पुष्कळ होती. धोबी तलाव आणि गोवालिया टँक आता केवळ नावापुरते उरले आहेत.