‘शून्य शुल्क’ म्हणजे मोफत नव्हे : अमेरिकेतून भारतात पैसे पाठवण्याचा खरा खर्च

पुण्यातील सदनिकेचा हप्ता, आईवडिलांच्या औषधपाण्याचा खर्च, गावाकडच्या घराची डागडुजी अशा कारणांसाठी अमेरिकेतील हजारो मराठी कुटुंबे दरमहा भारतात पैसे पाठवतात. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये भारतात आलेल्या अशा रकमेत अमेरिकेचा वाटा २७.७ टक्के, म्हणजे सर्व देशांत सर्वाधिक होता. ही रक्कम स्वीकारणाऱ्या राज्यांत २०.५ टक्क्यांसह महाराष्ट्र पहिला होता. तरीही पैसे पाठवताना नेमका किती खर्च होतो, हे अनेकांना ठाऊक नसते. त्याचे कारण असे, की या खर्चाचा मोठा भाग ‘शुल्क’ या नावाने आकारलाच जात नाही.

खर्च दडतो कुठे?

चलनबाजारात कोणत्याही क्षणी डॉलरच्या खरेदीचा एक आणि विक्रीचा एक दर असतो. या दोहोंच्या मधला तो मध्यदर. इंटरनेटवर डॉलरचा भाव शोधला असता साधारणतः हाच आकडा दिसतो. पैसे पाठवणारी संस्था ग्राहकाला बहुधा त्यापेक्षा कमी दर देते आणि मधला फरक स्वतःकडे ठेवते. ‘शून्य शुल्क’ अशी जाहिरात करणाऱ्या सेवेची कमाई प्रामुख्याने याच फरकातून होते. वाईजसारखी सेवा मध्यदर देते आणि आपले शुल्क वेगळे दाखवते. इतर अनेक सेवा शुल्क कमी ठेवून दरातून पैसे मिळवतात. दोन्ही पद्धती कायदेशीर आहेत. मात्र केवळ शुल्काची किंवा केवळ दराची तुलना केल्यास दिशाभूल होते.

हिशेब कसा करावा?

समजा, मध्यदर एका डॉलरला ९० रुपये आहे आणि पाठवणाऱ्याच्या खिशातून एकूण १,००० डॉलर जाणार आहेत. पहिली सेवा म्हणजे बँकेचे वायर हस्तांतरण. शुल्क ४० डॉलर आणि दर ८८.५० धरल्यास हाती ८४,९६० रुपये पडतील. दुसरी सेवा शुल्क घेत नाही, पण दर ८८.९० देते; तिथे ८८,९०० रुपये मिळतील. तिसरी सेवा ७ डॉलर शुल्क घेऊन पूर्ण मध्यदर देते. तिथे ८९,३७० रुपये मिळतील. म्हणजे या उदाहरणात शुल्क घेणारी तिसरी सेवा ‘मोफत’ सेवेपेक्षा ४७० रुपयांनी स्वस्त पडली. म्हणून विचारायचा प्रश्न एकच : खात्यातून ठरावीक डॉलर गेल्यावर भारतातील खात्यात नेमके किती रुपये जमा होतील?

रक्कम बदलली की उत्तरही बदलू शकते. ४० डॉलरचे ठरावीक शुल्क १,००० डॉलरवर ४ टक्के होते. २०,००० डॉलरवर ते अवघे ०.२ टक्का उरते. उलट दरातील १ रुपया १० पैशांचा फरक १,००० डॉलरमागे १,१०० रुपये, तर २०,००० डॉलरमागे २२,००० रुपये घेऊन जातो. लहान रकमेला शुल्क जाचते, मोठ्या रकमेला दर. सदनिकेच्या खरेदीसाठी मोठी रक्कम पाठवायची असेल, तर बँकेकडे दर वाढवून मागण्यासही हरकत नाही.

आणखी कोणती वजावट होते?

स्विफ्ट व्यवस्थेतून जाणारी रक्कम कधी कधी मधल्या एखाद्या बँकेमार्फत जाते आणि तीही आपले शुल्क कापून घेते. डॉलरचे रुपये भारतातील बँकेने केल्यास त्या सेवेवर वस्तू व सेवा कर लागतो. एक लाख रुपयांपर्यंतच्या रकमेचा एक टक्का हे सेवेचे मूल्य धरून त्यावर १८ टक्के कर आकारला जातो. ९०,००० रुपयांवर तो १६२ रुपये होतो.

पैसे कशातून भरले जातात, यावरही खर्च ठरतो. बँक खात्यातून थेट वळते करणे बहुधा स्वस्त, पण त्यास काही दिवस लागू शकतात. डेबिट कार्डाने काम लवकर होते, पण शुल्क सहसा वाढते. क्रेडिट कार्ड टाळावे. अशा व्यवहाराला रोख उचल मानून बँक पहिल्या दिवसापासून व्याज लावू शकते.

१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेने परदेशी पाठवल्या जाणाऱ्या पैशांवर एक टक्का कर लागू केला आहे. परंतु तो रोख रक्कम, मनीऑर्डर, बँकेचा धनादेश अशा साधनांनी पैसे भरल्यासच लागतो. अमेरिकी बँक खात्यातून किंवा अमेरिकेत दिलेल्या डेबिट-क्रेडिट कार्डाने पैसे भरणाऱ्यांना तो लागू नाही.

ग्राहकाला कायद्याचे कोणते संरक्षण आहे?

अमेरिकी नियमांनुसार पैसे पाठवण्याचा नियमित व्यवसाय करणाऱ्या संस्थेने पैसे घेण्यापूर्वी शुल्क, विनिमय दर आणि पोहोचणारी रक्कम ग्राहकाला दाखवणे बंधनकारक आहे. पैसे भरल्यानंतर ३० मिनिटांच्या आत, रक्कम समोरच्याला मिळालेली नसल्यास, व्यवहार रद्द करून शुल्कासह सर्व पैसे परत मागता येतात. चूक झाल्यास १८० दिवसांपर्यंत तक्रार नोंदवता येते.

सर्वांत स्वस्त वाटणारा, पण महाग पडणारा मार्ग

‘तू मला इथे डॉलर दे, माझा भाऊ तुझ्या आईच्या खात्यात रुपये भरेल,’ अशी तडजोड मित्रमंडळींत होत असते. त्यात शुल्क नाही, दरातील फरकही नाही. तथापि अधिकृत संस्थेला वगळून केलेली अशी देवाणघेवाण भारताच्या १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचा भंग ठरते. दंड गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट होऊ शकतो.

खात्याचा प्रकारही महत्त्वाचा आहे. परदेशात स्थायिक झाल्यावर भारतातील जुने साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. त्याचे एनआरओ खात्यात रूपांतर करावे लागते. परदेशातील कमाई एनआरई खात्यात ठेवल्यास ती परत बाहेर नेणे सोपे असते आणि तिच्या व्याजावर भारतात प्राप्तिकर लागत नाही, मात्र अमेरिकेत ते व्याज करपात्र असते. घरासाठी पैसे पाठवल्यास ते परदेशातून आल्याचे बँकेचे प्रमाणपत्र जपून ठेवावे. पुढे घर विकून पैसे परत न्यायचे झाल्यास तोच पुरावा उपयोगी पडतो.

पाठवण्यापूर्वी काय पाहावे?

एकाच दिवशी, शक्यतो एकाच तासात, तीन सेवांवर समान रक्कम घालून हाती येणारे रुपये पाहावेत, कारण दर सतत बदलत असतो. नव्या ग्राहकाला पहिल्या व्यवहारापुरता दिलेला वाढीव दर तुलनेतून वगळावा; दुसऱ्या महिन्यापासूनचा दरच खरा. आज स्वस्त असलेली सेवा सहा महिन्यांनी तशीच राहील असे नाही, म्हणून ही तुलना अधूनमधून पुन्हा करावी. रुपया आणखी घसरेल या आशेने हप्ता किंवा रुग्णालयाचे देयक थांबवू नये. उद्याचा दर कोणाच्याच हाती नसतो. सेवेची निवड मात्र पाठवणाऱ्याच्या हाती असते.