चाकातील हवा

बागेत राबणाऱ्या माणसाला हातगाडीसारखा सोबती नाही. खताच्या पाट्या, मातीचे ढीग, रोपांच्या कुंड्या, वाळलेला पालापाचोळा हे सारे ओझे ती निमूटपणे वाहून नेते. परंतु एखादे दिवशी बाभळीचा बारीकसा काटा तिच्या चाकात शिरतो, आतील हवा हळूहळू निघून जाते आणि सकाळी पाहावे तो चाक जमिनीवर बसलेले! काल एकट्याने लीलया ढकललेली गाडी आज दोघांनाही हलत नाही. चाकाचे लोखंड आणि रबर जागच्या जागी असते. गेलेली असते ती केवळ डोळ्यांना न दिसणारी हवा. त्या हवेत एवढे सामर्थ्य कोठून येते?

चाकात कोंडलेली हवा सर्व बाजूंना सारखा दाब देते. समजा, एका चाकावर ६० किलोग्रॅम भार आहे आणि आतील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅम आहे. तर जमिनीला टेकलेला चाकाचा भाग सुमारे ३० चौरस सेंटिमीटर होईपर्यंत चाक दबते आणि तेथे भार तोलला जातो. हवा निम्मी झाली, की तोच भार पेलण्यासाठी सुमारे ६० चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकावा लागतो. मग टायरच्या बाजू वारंवार दुमडतात आणि ढकलणाऱ्याची शक्ती रबर वाकविण्यातच खर्ची पडते. हवा पुरेशी असेल, तर मात्र वाटेतील खडा चाकात क्षणभर सामावतो आणि गाडी उसळत नाही. लोखंडी धावेचे चाक मऊ जमिनीत रुतते, हवेचे चाक तिच्यावरून तरंगल्यासारखे जाते. साखर कारखान्यांकडे ऊस नेणाऱ्या बैलगाड्यांना टायरची चाके बसविली गेली, ती ह्याच कारणाने. बैलांचे श्रम त्यामुळे पुष्कळ हलके झाले.

हे चाक एका दिवसात जन्माला आले नाही. कच्चे रबर उन्हात चिकट होई आणि थंडीत कडक बने. १८३९ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर ह्यांना गंधक व उष्णता ह्यांच्या योगाने ते टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. १८४५ मध्ये स्कॉटलंडचे रॉबर्ट विल्यम टॉमसन ह्यांनी हवेच्या चाकाचे पेटंट घेतले. परंतु त्या काळी त्याला मागणी नव्हती आणि ते विस्मृतीत गेले. पुढे बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलप ह्या पशुवैद्यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी असेच चाक तयार केले आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट मिळविले.

डनलप ह्यांच्या चाकात एक मोठी अडचण होती. टायर चाकाला चिकटविलेला असे. १८८९ मध्ये फ्रान्समधील मिशलॅं बंधूंच्या कारखान्यात असे एक पंक्चर झालेले चाक आले. ते सोडवून दुरुस्त करण्यास तीन तास लागले आणि चिकटविलेला टायर वाळण्यासाठी रात्रभर थांबावे लागले. तेव्हा चाकाइतकेच चाकाच्या दुरुस्तीलाही महत्त्व आहे, हे त्या बंधूंनी ओळखले. १८९१ मध्ये त्यांनी सहज काढता-घालता येणारा टायर तयार केला आणि त्याच वर्षी पॅरिस ते ब्रेस्ट व परत अशी सुमारे १,२०० किलोमीटरांची सायकल-शर्यत शार्ल तेराँ ह्यांनी हे टायर वापरून जिंकली. आज कोणालाही घरच्या घरी पंक्चर काढता येते, ते ह्याच सुधारणेमुळे.

चाक बसले म्हणजे काटाच शिरला, असे मात्र नाही. म्हणून प्रथम हवा भरावी आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचा थेंब सोडावा. तेथे बुडबुडे आले, तर दोष व्हॉल्व्हचा. तो घट्ट करून किंवा बदलून काम भागते. भार घातलेली गाडी बसलेल्या चाकावर मात्र कधीही ओढू नये. तसे केल्यास लोखंडी रिमखाली ट्यूब चिरडते आणि एका छिद्राच्या जागी दहा होतात.

ट्यूबला छिद्र असेल, तर उरलेली हवा पूर्ण सोडून द्यावी आणि टायरची कड दोन चपट्या पट्ट्यांनी उचलून ट्यूब बाहेर काढावी. पट्ट्यांना धार नसावी, नाहीतर दुरुस्तीतच नवे छिद्र पडते. मग ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यात थोडी थोडी बुडवावी. जेथून बुडबुडे उठतील, तेथे खूण करावी. ती जागा पुसून, वाळवून घासकागदाने खरखरीत करावी. तीवर सोल्युशनचा पातळ थर द्यावा आणि तो बोटाला ओला लागेनासा होईपर्यंत थांबावे. हे थांबणे फार महत्त्वाचे आहे. सोल्युशन म्हणजे झटकन उडून जाणाऱ्या द्रवात विरघळविलेले रबर. तो द्रव उडून गेल्यावर उरलेले रबर ट्यूबला व ठिगळाला एकजीव करते. उतावीळपणे ओल्यावरच ठिगळ दाबले, तर द्रव आत अडकतो आणि ठिगळ लवकरच सुटते. हा द्रव पेट घेणारा असल्याने हे काम मोकळ्या हवेत, दिवा, चूल व विडीकाडी ह्यांपासून दूर करावे.

ठिगळ विकतच आणले पाहिजे, असे नाही. टाकाऊ ट्यूबचा तुकडा कापून घासला, तरी तो चालतो. त्याला कोपरे ठेवू नयेत, गोल कापावा. कारण कोपरे प्रथम उचलले जातात. ठिगळ घट्ट दाबल्यावर तीवर शंखजिरे शिंपडले, म्हणजे ट्यूब टायरला चिकटत नाही.

एवढ्यावर दुरुस्ती संपली असे समजणारा माणूस दुसऱ्याच दिवशी पुन्हा पंप घेऊन बसतो. कारण, छिद्र बुजले तरी ते पाडणारा शत्रू अजून आतच असतो. छिद्राची जागा त्याचा पत्ता सांगते. छिद्र जमिनीच्या बाजूला असेल, तर काटा, खिळा किंवा काच टायरमध्ये रुतून राहिलेली असणार. फडके आतून फिरविले, की ती अडकते. छिद्र रिमच्या बाजूला असेल, तर रिमवर गंज किंवा टोक आले असणार. शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या, तर हवा कमी असताना गाडी दगडावर आपटली असणार. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटले असेल, तर हवा कमी असल्यामुळे टायर रिमवरून सरकला असणार. टायरलाच भोक मोठे पडले असेल, तर आतून जुन्या टायरचा तुकडा बसवावा.

काही गाड्यांच्या टायरमध्ये ट्यूब नसते; टायरची कडच रिमला घट्ट बसून हवा धरून ठेवते. गाडी पुष्कळ दिवस उभी राहिली, की ही कड सुटते आणि कितीही पंप मारला तरी हवा ठरत नाही. अशा वेळी कडेला साबणाचे पाणी लावावे, टायरच्या मध्यावरून सभोवार दोरी बांधावी आणि तीत काठी घालून पिळावी. मध्यभाग आवळला गेल्याने कडा बाहेर सरकून रिमला टेकतात. मग हवा भरू लागावे आणि कडा बसू लागताच दोरी सैल करावी. ह्यानेही भागले नाही, तर योग्य मापाची ट्यूब आत घालावी. अगदी अडल्या वेळी जुन्या रबरी पाइपाचे तुकडे आत ठासून भरले, तरी हळू चालणारी गाडी काम देते; मात्र ती जड होते आणि खड्ड्यांचे हिसके हातांना बसतात.

स्वस्त उपाय हा सुरक्षितही असला पाहिजे. टायरच्या बाजूवर हवेच्या दाबाची मर्यादा छापलेली असते. ती ओलांडू नये. काही लहान चाकांची रिम दोन भागांची असून ती बोल्टांनी जोडलेली असते. आत हवा असताना हे बोल्ट सैल केल्यास रिमचे भाग उसळून हात किंवा डोळा कायमचा जायबंदी होऊ शकतो. म्हणून आधी संपूर्ण हवा सोडावी आणि मगच पान्याला हात घालावा. कडा बसविण्यासाठी पेट घेणारा द्रव टायरमध्ये फवारून पेटविण्याचा अघोरी प्रकारही काही जण करतात. त्यातून प्राणघातक स्फोट होऊ शकतो.

काट्याचा नायटा होतो, अशी म्हण आहे. चाकाच्या बाबतीत ती अक्षरशः खरी ठरते. वेळीच काढलेल्या काट्याला एक ठिगळ पुरते. दुर्लक्षिलेला काटा आधी ट्यूब, मग टायर आणि शेवटी रिमही निकामी करतो. ज्या माळ्याला आपल्या गाडीचे चाक उघडता येते, त्याचे काम ऐन पेरणीत दुसऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून खोळंबत नाही. आठवड्यातून एकदा अंगठ्याने चाक दाबून पाहावे आणि हवा कमी वाटल्यास भरावी. ह्या कामाला पैसा लागत नाही.