आटलेल्या दीर्घिका

संस्कृतांत ‘दीर्घिका’ म्हणजे लांबट आकाराचें तळें. अब्जावधि ताऱ्यांच्या समूहास मराठींत हेंच नांव रूढ झालें आहे, व आमच्या मतें तें फार समर्पक आहे. या तळ्यांत पाण्याऐवजीं मुख्यतः हायड्रोजन वायु असतो. तो थंड होऊन आकुंचन पावला म्हणजे त्यांतून नवे तारे जन्मास येतात. आपल्या आकाशगंगेंत आजही वर्षाकाठीं एकदोन सूर्य घडतील एवढा वायु या कामीं खर्च होतो. वायु संपला कीं तारकाजन्म थांबतो. तेजस्वी निळे तारे अल्पायुषी असल्यामुळें लौकर विझतात, आणि मागें तांबूस, वृद्ध ताऱ्यांचा समुदाय उरतो.

मग कांहीं तळीं भरलेलीं व कांहीं आटलेलीं कां? शेंकडों दीर्घिका जेथें एकत्र नांदतात, त्यास गुच्छ म्हणतात. ॲलन ड्रेसलर यांनीं १९८० सालीं अशा ५५ गुच्छांतील सुमारें ६,००० दीर्घिकांचें परीक्षण प्रसिद्ध केलें. जसजशी दाटी वाढते, तसतशा सर्पिल दीर्घिका विरळ होतात व बहुधा तारे न प्रसवणाऱ्या लंबगोल आणि भिंगाकृति दीर्घिका वाढतात, असें त्यांस आढळलें. दोष सर्वस्वीं शेजाराचाच नव्हे. अतिप्रचंड दीर्घिका एकांतांतही विझतात. परंतु लहानांस शेजार फार बाधतो.

तो दोन प्रकारें बाधतो. पहिला प्रकार उघड लुटीचा. गुच्छाच्या पोकळींत कोट्यवधि अंश तापलेला विरळ वायु असतो. त्यांतून धांवणाऱ्या दीर्घिकेस समोरून जणूं वारा लागतो व तिचा वायु हिरावला जातो, हें गन व गॉट यांनीं १९७२ सालीं मांडलें. सुमारें २२ कोटि प्रकाशवर्षांवरील ‘ईएसओ १३७-००१’ ही दीर्घिका अशीच लुटली जात आहे. तिच्यामागील तप्त वायूचें पुच्छ २ लक्ष ६० हजार प्रकाशवर्षें लांब आहे.

दुसरा प्रकार निमूट आहे. बाहेरून येणारा नवा वायु बंद होतो. सांठ्यास कोणी हात लावीत नाहीं, तारेही जन्मत राहतात. झरा मात्र बुजलेला असतो. २०१५ सालीं पेंग, मायोलिनो व कॉक्रेन यांनीं सुमारें २६,००० दीर्घिकांच्या ताऱ्यांतील जड मूलद्रव्यांचें प्रमाण पाहिलें. ताऱ्यांच्या पिढ्या होतात तसें हें प्रमाण वाढतें. वायु एकाएकीं लुटला गेला तर ती वाढ तेथेंच थांबते. पण विझलेल्या दीर्घिकांत तें अधिकच निघालें. अर्थात् त्यांपैकीं बहुतेक, झरा बंद झाल्यावरही, शिल्लक सांठ्यावर सुमारें ४०० कोटि वर्षें तारे घडवीत राहिल्या होत्या.

हें वाचून आम्हांस आमचा एक विद्यार्थी आठवला. तो आठवींत असतां त्याचे वडील वारले. तरी नववींतही त्यानें पहिला क्रमांक सोडला नाहीं, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलों. दहावींत तो एकदम मागें पडला, तेव्हां भर वर्गांत आम्हीं त्यास आळशी म्हटलें. दोन वर्षें तो पहांटे घरोघर दूध पोंचवीत होता, हें त्यानें शाळा सोडल्यावर कळलें. तळ्यांत पाणी दिसत होतें. झरा पाहावयास आम्ही गेलोंच नव्हतों.