अध्यक्ष बदलल्यावर काय उरते?

तालुक्याच्या गावातल्या रोटरी क्लबचे वर्ष १ जुलैला सुरू होते. पदग्रहण समारंभात मावळते अध्यक्ष नव्या अध्यक्षांच्या गळ्यात कॉलर घालतात, पाहुणे म्हणून आलेले रोटरीचे प्रांतपाल किंवा सहायक प्रांतपाल भाषण करतात आणि वर्षभराच्या उपक्रमांची यादी वाचली जाते. त्या यादीत विद्यार्थ्यांचा वाटा मोठा असतो. गरजूंना वह्या-दप्तरे, लांबून पायी येणाऱ्या मुलींना सायकली, जिल्हा परिषदेच्या शाळेला बाक किंवा ई-लर्निंग संच, दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार, दंततपासणी, शिक्षकांना ‘नेशन बिल्डर’ पुरस्कार. ३० जूनला हे वर्ष संपते आणि नवी यादी येते. या कामांमागची कळकळ खरी असते. दवाखाना, दुकान, वकिली सांभाळून ही माणसे आपल्या संध्याकाळी देतात, खिशात हात घालतात. तरीही तरुणांसाठी क्लबने केलेल्या कामाचे मोल किती वस्तू वाटल्या यावरून ठरवता येत नाही. अध्यक्ष बदलल्यावर त्यातले काय उरले, हे पाहावे लागते. मूल पाचवीपासून बारावीपर्यंत पोहोचेतो क्लबचे आठ अध्यक्ष होऊन जातात. जी मदत एका अध्यक्षाबरोबर संपते, ती त्या मुलाच्या वाढीला पुरत नाही.

दरवर्षी माणूस बदलण्याची ही पद्धत मुळात शहाणपणाची आहे. पॉल हॅरिस या वकिलाने १९०५ साली शिकागोत पहिला क्लब काढला तेव्हा सभा आळीपाळीने सभासदांच्या कचेऱ्यांत भरत. एका व्यवसायातला एकच सभासद घ्यावा असा त्या काळचा दंडक होता. कोलकात्यातल्या क्लबपासून, म्हणजे सुमारे शंभर वर्षांपूर्वी, आळीपाळीची ही पद्धत भारतात आली आणि पुढे वापीसारख्या औद्योगिक गावातही रुजली. २०११-१२ मध्ये वापीचेच कल्याण बॅनर्जी रोटरीचे जागतिक अध्यक्ष होते. आपल्याकडच्या कितीतरी शिक्षणसंस्था आणि सहकारी संस्था एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या अडकून पडतात. क्लबमध्ये तसे सहसा होत नाही, कारण खुर्ची वर्षाने सुटतेच. मात्र या गुणाचीच किंमत तरुणांच्या कामाला मोजावी लागते. प्रत्येक नव्या अध्यक्षाला आपल्या वर्षाची ओळख हवी असते आणि मागच्याने लावलेले रोप वाढवण्यापेक्षा नवे लावणे सोपे वाटते.

खरे तर अशा क्लबजवळ वह्यांपेक्षा फार मोलाची गोष्ट असते आणि ती एका व्यवसायातला एकच सभासद घेण्याच्या त्या जुन्या दंडकातून आली आहे. छोट्या गावात बालरोगतज्ज्ञ, वकील, सनदी लेखापाल, बियाण्यांचा व्यापारी, बांधकाम ठेकेदार, मुख्याध्यापक ही माणसे ठरलेल्या वारी एका खोलीत बसतात. शेतमजुराच्या दहावीतल्या मुलीला हीच माणसे एरवी काउंटरच्या पलीकडे दिसतात. दहावीनंतर आयटीआयचा कोणता ट्रेड घ्यावा, पॉलिटेक्निकचा अर्ज कधी भरायचा, शैक्षणिक कर्जाला बँक कोणती कागदपत्रे मागते, हे तिच्या घरात कुणालाच ठाऊक नसते. इथे एक आक्षेप नेहमी येतो: हे सरकारचे काम आहे, खासगी दानशूरांनी त्यात का पडावे? सरकारने आपले काम करायलाच हवे, यात वाद नाही. शिष्यवृत्त्या आहेत, महाडीबीटीचे पोर्टल आहे, सेतू केंद्रे आहेत. पण उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जातवैधता प्रमाणपत्र यांपैकी एक कागद वेळेवर हाती आला नाही की हक्काची शिष्यवृत्ती किंवा प्रवेश हातून जातो. वैधतेच्या प्रस्तावाला लागणारा वेळ पाहता ही तयारी अकरावीतच सुरू व्हायला हवी. वकील आणि लेखापाल सभासदांनी दरवर्षी ठरलेल्या काळात शाळेत बसून मुलांचे कागद तपासले, तर सरकारी योजना तिच्या हक्कदारापर्यंत पोहोचते. या कामाला निधी जवळजवळ लागत नाही, सातत्य मात्र लागते. पालकांना ‘अमुक महिन्यात ही माणसे येतात’ असा भरवसा वाटला तरच ते येतील.

सातत्याचा साचा रोटरीने स्वतःच घडवलेला आहे, तो म्हणजे इंटरॅक्ट. ५ नोव्हेंबर १९६२ रोजी अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, मेलबर्न गावच्या हायस्कूलमध्ये २३ विद्यार्थ्यांनी पहिला इंटरॅक्ट क्लब सुरू केला. दुसरा आपल्या तंजावरला निघाला. त्या वर्षी रोटरीचे जागतिक अध्यक्ष कोलकात्याचे नितीश लाहरी होते. १२ ते १८ वयाच्या मुलांच्या या क्लबला रोटरी क्लबचा आधार असतो, पण अध्यक्ष, सचिव, खजिनदार मुलांमधूनच होतात. वर्षातून किमान दोन उपक्रम करायचे असतात. एक शाळेसाठी किंवा गावासाठी, दुसरा आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठी. हे वाचायला साधे वाटते, पण वही मिळालेल्या मुलात आणि हिशेबाची वही लिहिणाऱ्या मुलात मोठे अंतर आहे. नववीतली मुलगी खजिनदार होते, वर्गणी गोळा करते, पावती फाडते, सभेत खर्च मांडते, एखाद्याने प्रश्न विचारला तर उत्तर देते. शाळेच्या पाण्याच्या टाकीभोवती स्वच्छता ठेवायची की वाचनालयाची पुस्तके लावायची, यावर वाद घालून मत देणे हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा खोल शिक्षण आहे. सत्कारात मुलाने हारासाठी मान वाकवायची असते, इंटरॅक्टमध्ये त्याला उभे राहून बोलावे लागते. म्हणून छोट्या गावातल्या क्लबने एकच गोष्ट निवडायची ठरवली, तर माझे मत इंटरॅक्टच्या बाजूने आहे. रायला शिबिरेही उपयोगी असतात. १९५९ साली ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये सुरू झालेला हा नेतृत्वविकासाचा उपक्रम १९७१ मध्ये रोटरीने अधिकृतपणे स्वीकारला. पण शिबिरात चेतलेल्या मुलाला परत आल्यावर गावात करायला काही नसेल, तर ती ऊब टिकत नाही.

अडचण अशी की कागदावरचा इंटरॅक्ट क्लब आणि चालता इंटरॅक्ट क्लब यांत फरक असतो. पदाधिकाऱ्यांना पिना लावल्या, फोटो छापून आला आणि मग वर्षभर एकही बैठक झाली नाही, असे होऊ शकते. यावरून काही जण म्हणतात की हे क्लब म्हणजे सुखवस्तू लोकांचे ओळखी वाढवण्याचे ठिकाण, मुले फक्त छायाचित्रापुरती. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. सभासदत्वाची वर्गणी आणि इंग्रजीतून होणारे सोपस्कार यांमुळे गावातले बरेच लोक दाराबाहेर राहतात. मात्र ही संस्था बदलू शकते, आणि तो बदल छोट्या गावाकडूनही येऊ शकतो, याचा पुरावा तिच्याच इतिहासात आहे. कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे या लहानशा गावातल्या क्लबने १९७७ मध्ये तीन स्त्रियांना सभासद करून घेतले, तेव्हा रोटरीने त्या क्लबची सनद काढून घेतली. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९८७ मध्ये निकाल क्लबच्या बाजूने लागला आणि १९८९ मध्ये रोटरीने जगभरातील क्लबांचे दार स्त्रियांसाठी उघडले. आज गावच्या शाळेत एखादी डॉक्टर अध्यक्ष म्हणून येते, तेव्हा मुलींपुढे उभे राहणारे ते उदाहरण या भांडणातून मिळालेले आहे.

पदाधिकारी वर्षाला बदलत असताना दीर्घ काम होणारच नाही, असेही म्हटले जाते. पोलिओचे उदाहरण याला चोख उत्तर आहे. १९८५ मध्ये रोटरीने पोलिओ निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला. भारतात शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. सरकार, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि असंख्य आरोग्यसेविकांच्या कष्टांचा त्यात मोठा वाटा आहे. पण त्या तीन दशकांत प्रत्येक क्लबचे अध्यक्ष दरवर्षी बदलत होते आणि लसीकरणाच्या दिवशी बूथवर कुणीतरी असेच. काम अध्यक्षाच्या नावावर नव्हते, म्हणून टिकले. २०१० मध्ये रोटरीने तरुणांसाठीच्या सेवेला आपल्या सेवामार्गांत पाचवे स्थान दिले. त्या स्थानाला साजेशी शिस्त गावपातळीवर यायची असेल तर युवा समितीचा प्रमुख किमान तीन वर्षे एकच असावा, शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकाची बदली झाली तर दुसऱ्याची नेमणूक त्याच महिन्यात व्हावी आणि मावळत्या अध्यक्षाने इंटरॅक्टचा ताळेबंद नव्याच्या हाती लेखी द्यावा.

राहिला प्रश्न गाव सोडून जाणाऱ्यांचा. बारावीनंतर हुशार मुले पुण्याला, छत्रपती संभाजीनगरला, नाशिकला जातात, मग त्यांच्यावर घेतलेल्या मेहनतीचा गावाला काय उपयोग, असे विचारले जाते. १८ वर्षांनंतरच्या तरुणांसाठी रोटरॅक्ट १९६८ पासून आहे, पण महाविद्यालय नसलेल्या गावात तो उभा राहणे कठीण. इथे क्लबने आपल्या जुन्या इंटरॅक्ट मुलांचे फोन नंबर जपून ठेवावेत, एवढे पुरे आहे. वसतिगृह कुठे मिळते, मेस परवडते का, पहिल्या सत्रात इंग्रजीची भीती कशी जाते, हे गावातल्या कोणत्याही डॉक्टरपेक्षा दोन वर्षांपूर्वी गेलेला मुलगा अचूक सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत अशी पाच-सहा मुले घरी आलेली असतातच. त्यांना अकरावी-बारावीच्या मुलांसमोर एक दुपार बसवायला ना प्रायोजक लागतो, ना प्रांतपालांची तारीख.