आपणच आपले साक्षीदार

२००५ च्या ऑक्टोबर महिन्यात गौरव सबनीस या मराठी तरुणाने आयबीएममधल्या नोकरीचा राजीनामा दिला. कामात कसूर झाली म्हणून नव्हे. 'जॅम' या मुंबईहून निघणाऱ्या तरुणांच्या नियतकालिकाने त्या वर्षी दिल्लीच्या आयआयपीएम या व्यवस्थापन संस्थेच्या जाहिरातींतले दावे एका लेखात तपासून पाहिले होते. संपादक होत्या रश्मी बन्सल. सबनीसांनी आपल्या ब्लॉगवरून त्या लेखाकडे वाचकांचं लक्ष वेधलं आणि स्वतःचं मतही रोखठोक मांडलं. संस्थेची कायदेशीर नोटीस आली. पाठोपाठ आयबीएमच्या कानावर गेलं की मजकूर काढला नाही, तर संस्थेचे विद्यार्थी आयबीएमचे लॅपटॉप कंपनीच्या दिल्लीतल्या कचेरीसमोर जाळणार आहेत. सबनीसांनी मजकूर ठेवला आणि कंपनीची अडचण नको म्हणून नोकरी सोडली.

याच दिवसांत इंटरनेटवर नवी नावं दिसू लागली. आपण त्या संस्थेचे विद्यार्थी आहोत, आपलं भलं झालं आहे, टीका करणारेच खोटारडे आहेत, असं सांगणारे ब्लॉग रातोरात उगवले. बन्सल आणि सबनीस या दोघांवर त्यांतून चिखलफेक झाली. हे ब्लॉग नुकतेच सुरू झालेले होते आणि या वादाखेरीज दुसऱ्या कशावरही त्यांत अवाक्षर नव्हतं. दिवसभर इंटरनेटवर वावरणाऱ्यांनी हे लगेच हेरलं. पण हेरणारे होते मुंबई-पुण्या-दिल्लीचे. मला काळजी वाटते ती त्या वेळी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून 'चांगलं एमबीए कॉलेज कोणतं' हे शोधणाऱ्या आमच्या भंडाऱ्याकडच्या तुमसर-साकोलीच्या पोरांची. त्यांना टीकाही दिसली असेल आणि स्तुतीही. दोन्ही बाजूंना माणसंच बोलताहेत, असंच त्यांना वाटलं असणार.

खोटं नाव घेणं आणि खोटा साक्षीदार उभा करणं यांत फरक आहे, आणि मराठी वाचकाला तो समजावून सांगावा लागू नये. राम गणेश गडकरी कविता लिहायचे गोविंदाग्रज म्हणून आणि विनोद लिहायचे बाळकराम म्हणून. आचार्य अत्र्यांचा केशवकुमार झाला. जयवंत दळवींचा ठणठणपाळ वर्षानुवर्षं 'ललित'मधून साहित्यिकांची टोपी उडवत राहिला आणि वसंत सरवट्यांनी त्याला चेहराही दिला. यात फसवणूक कुठेच नाही. आमच्या भंडारा जिल्ह्यात भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार रंगते, साडी नेसून नाचणारा गडी कोणाच्या घरचा हे पुढच्या रांगेतल्या लेकरालाही ठाऊक असतं. सोंग सगळ्यांच्या संमतीने चाललेलं असतं. ठणठणपाळाने 'जयवंत दळवी हे थोर लेखक आहेत, मी त्यांना ओळखतही नाही' असं लिहिलं असतं, तर मात्र गोष्ट वेगळी झाली असती. माझा सगळा आक्षेप या 'ओळखतही नाही'वर आहे. माल विकणाऱ्याने मालाची तारीफ करावी, तो त्याचा हक्कच आहे. त्याने गिऱ्हाईक बनून रांगेत उभं राहू नये.

ही सवय इंटरनेटने लावलेली नाही. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनने १८५५ मध्ये स्वतःच्या कवितासंग्रहाची परीक्षणं बिननावाने छापून आणली होती. आता तीच लबाडी एका माणसाला एका बैठकीत शंभर नावांनी करता येते, एवढाच बदल आहे. आणि करणारे सगळे काही भुरटे नसतात. जॉन लॉट हे बंदुकांवर अभ्यास करणारे अमेरिकन संशोधक 'मेरी रॉश' या बाईच्या नावाने स्वतःच्या बाजूने वाद घालत होते. ही मेरी म्हणे त्यांची जुनी विद्यार्थिनी, आणि असे प्राध्यापक तिला दुसरे भेटलेच नव्हते. २००३ मध्ये ज्युलियन सांचेझ या लेखकाने मेरीचा आणि लॉट यांचा इंटरनेट पत्ता ताडून पाहिला. दोन्ही एकच निघाले. रशियाच्या इतिहासाचे नामवंत ब्रिटिश अभ्यासक ऑर्लँडो फायजेस यांनी सहकाऱ्यांच्या पुस्तकांची निंदा आणि स्वतःच्या पुस्तकाची वाहवा टोपणनावाने ॲमेझॉनवर लिहिली. २०१० मध्ये बोभाटा झाल्यावर आधी बायकोचं नाव पुढे आलं, मग त्यांनी स्वतः कबुली दिली आणि नुकसानभरपाईही मोजली. विद्वत्तेने माणूस या मोहातून सुटत नाही, हे मला फार अस्वस्थ करतं.

पण परत आयआयपीएमकडे. या प्रकरणाचा दुसरा अंक पहिल्याहून गंभीर आहे. ज्याला कोणीही हात लावू शकतं आणि तरी जग ज्यावर विसंबतं, अशा विकिपीडियावर तो घडला.

इंग्रजी विकिपीडियावर 'वायफायवन' असं सदस्यनाव घेतलेला एक संपादक होता. कष्टाळू, नियमांत पक्का, बोलण्यात कमालीचा सभ्य. २०१० मध्ये बाकीच्या संपादकांनी मतं देऊन त्याला प्रचालक केलं. प्रचालकाला पान कुलुपबंद करता येतं, सदस्यांवर बंदी घालता येते. याच माणसाचा हात आयआयपीएमच्या पानावर वर्षानुवर्षं फिरत होता. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. तो खोटं वाक्य घुसडत बसत नसे. संस्थेविरुद्ध एखादी बातमी पानावर आली, की हा स्रोत नियमात बसत नाही असं कारण देऊन ती काढायचा. दुसऱ्याने परत घातली, की चर्चापानावर नियमांचे आकडे सांगत इतका वाद घालायचा, की समोरचा कंटाळून निघून जावा. अनुकूल मजकुराला मात्र तेवढी कडक चाळणी लागत नसे. एकेक दुरुस्ती सुटी पाहिली तर बिनचूक वाटावी. दोनशे दुरुस्त्या ओळीने मांडल्या की त्या कुठल्या दिशेने चालल्या आहेत ते कळतं.

ती ओळ कोणी मांडली? पगारी तपासनीसांनी नव्हे. विकिपीडियावरच्याच काही चिवट स्वयंसेवकांनी. प्रत्येक पानाला 'इतिहास पहा' अशी कळ असते. मराठी विकिपीडियावरही आहे. तिथे प्रत्येक बदलाची तारीख, मिनिटापर्यंतची वेळ आणि सदस्यनाव कायम राहतं. एकाच हाताची अनेक खाती पकडायला मोजक्या विश्वासू सदस्यांना इंटरनेट पत्ते तपासण्याचा अधिकार असतो, पण ती नोंद तीनच महिने टिकते. त्यापलीकडे हाताशी उरते ती सवय: कोण कोणत्या वेळी लिहितं, कुठला शब्द सतत चुकवतं, एक खातं गप्प झालं की दुसरं नेमकं कधी जागं होतं. अशी महिनोन्महिन्यांची चिकाटी ओतून पुरावा मांडला गेला, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये विकिपीडियाच्या लवाद समितीने वायफायवनचे अधिकार काढून त्याच्यावर बंदी घातली. खात्यामागचा माणूस कोण, हे जाहीर झालं नाही. समितीने न्याय केला तो कृतींचा. मला हे योग्य वाटतं. संशयावरून कोणा हाडामांसाच्या माणसाचं नाव चव्हाट्यावर आणणं हा दुसरा अन्याय झाला असता.

मधल्या दहा वर्षांत या संस्थेवर लिहिणाऱ्यांचं काय झालं, तेही आठवायला हवं. 'करिअर्स ३६०' मासिकाने २००९ मध्ये पडताळणी केली, त्याला कोर्टकज्जे लागले. 'द कॅरव्हॅन'वर २०११ मध्ये पार आसामातल्या सिलचरच्या न्यायालयात ५० कोटींचा दावा झाला. फेब्रुवारी २०१३ मध्ये ग्वाल्हेरच्या न्यायालयाच्या आदेशावरून संस्थेविरुद्धच्या मजकुराचे ७३ दुवे देशभर बंद करण्यात आले, आणि त्यांत खुद्द विद्यापीठ अनुदान आयोगाची सूचनाही होती! या संस्थेला आपली मान्यता नाही, हे सरकारी आयोग सांगतो आहे आणि ते सांगणारं पानच विद्यार्थ्याला उघडत नाही. एका बाजूने टीका दिसेनाशी करायची, दुसऱ्या बाजूने स्तुती पिकवायची. या दोन गोष्टी एकत्र आल्या की सत्य शोधणाऱ्याची पुरती कोंडी होते. अखेर सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आपल्या अभ्यासक्रमांसाठी एमबीए, बीबीए, 'बिझनेस स्कूल' असे शब्द वापरायला संस्थेला मनाई केली. २०१५ मध्ये संस्थेने आपला गाशा गुंडाळला.

दहा वर्षं. तेवढ्यात प्रवेशाच्या किती तुकड्या आल्या आणि गेल्या. आपल्या भागातला विद्यार्थी जे. एम. पटेल महाविद्यालयातून बी.एस्सी. किंवा बी.कॉम. होतो, पुढचं शिक्षण नागपूर-पुण्याला. घरात त्या वाटेने आधी गेलेलं बहुधा कोणी नसतं. धानाचा पैसा, प्रसंगी एखादा बांधीचा तुकडा विकून फी भरायची असते. असा बाप सल्ला कोणाचा घेणार? मोबाइलचा. आणि अनुदान आयोगाच्या बोगस विद्यापीठांच्या यादीत आपल्या शेजारच्या नागपूरचं 'राजा अरेबिक युनिव्हर्सिटी' हे नाव वर्षानुवर्षं होतं, तेव्हा हा धोका दिल्लीपुरताच आहे असं समजायचं कारण नाही.

आता तर कोणी ब्लॉग काढत बसत नाही. अभिप्रायांचे तारे आणि फॉलोअर विकत मिळतात. जुलै २०२० मध्ये गायिका भूमी त्रिवेदी यांच्या नावाने इन्स्टाग्रामवर बनावट खातं निघालं. त्यावरच्या खोट्या संभाषणाचे स्क्रीनशॉट दाखवून फॉलोअर विकणारा इतरांना सांगत होता की बघा, त्याही माझ्याच गिऱ्हाईक. त्यांच्या तक्रारीवरून मुंबई गुन्हे शाखेने एका तरुणाला अटक केली आणि फॉलोअर, लाइक, व्ह्यू यांचा रीतसर दरपत्रकासह चालणारा धंदा उघडा पडला. खोट्या ओळखी विकण्याच्या धंद्याची जाहिरातही खोट्या ओळखीनेच केलेली!

तालुक्याच्या गावी हे कसं दिसतं ते सांगतो. एखाद्या शिकवणी वर्गाच्या किंवा लग्नाच्या लॉनच्या नावाखाली पाच ताऱ्यांची रांग असते. अभिप्राय देणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं की त्याने आणखी कुठे काय लिहिलं ते उघडतं. सुरतेचा दातांचा दवाखाना, चेन्नईचं फर्निचरचं दुकान, लुधियानाचा जिम आणि मध्येच आपल्या भंडाऱ्याचा शिकवणी वर्ग, सगळं एकाच आठवड्यात, सगळीकडे सेवा उत्कृष्ट. कर्मचारी नम्र. खरा पालक असं लिहीत नाही. तो लिहितो की गणिताचे सर चांगले आहेत, पण बॅच मोठी आहे आणि पावसाळ्यात जिन्यात पाणी साचतं. खऱ्या अनुभवात जागा, माणूस, एखादी कुरकुर असतेच. मोबाइल हाती असलेल्या कोणत्याही आजीला ही पारख शिकवता येते, आणि शाळेत संगणकाच्या तासाला ती शिकवली जावी असं मला कळकळीने वाटतं.

यंत्राने लिहिलेल्या मजकुरामुळे ही पारखही आता अवघड होत चालली आहे. जिन्यातलं पाणीसुद्धा यंत्र घालून देतं. म्हणून शब्दांपेक्षा वागणुकीकडे बघायचं: खातं कधीचं, आणखी कुठे काय लिहिलं, किती अभिप्राय एकाच दिवशी आले.

कायद्याची बाजू अगदीच रिकामी नाही. दुसऱ्याची ओळख वापरून संगणकाद्वारे फसवणूक केली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं. अभिप्राय लिहिणारा खरा आहे का हे तपासा, विकतचे अभिप्राय घेऊ नका, असं त्यात आहे. पण ते ऐच्छिक ठेवलं, आणि इथेच घोडं अडलं. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ऑक्टोबर २०२४ पासून विकतच्या आणि बनावट अभिप्रायांवर थेट दंडाचा नियम लागू केला. तसा बंधनकारक नियम आपल्याकडेही व्हायला हवा, कारण आज नुकसान सोसतो तो प्रामाणिक दुकानदार. शेजाऱ्याचे पाचशे तारे विकतचे आहेत हे त्याला माहीत असतं, आणि आपले चाळीस खरे तारे त्यापुढे फिके पडताना तो बघत असतो.

तोवर दोन गोष्टी हाताशी आहेत. संस्थेची मान्यता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या किंवा एआयसीटीईच्या संकेतस्थळावरच पाहायची, संस्थेच्या माहितीपत्रकावर नाही; आणि तिथून शिकून निघालेला जिल्ह्यातला एक तरी विद्यार्थी गाठून त्याच्याशी समोरासमोर बोलायचं. फसवणूक झालीच असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३०, आणि जिल्हा ग्राहक आयोग भंडाऱ्यातच आहे. तिथे जाण्यापूर्वी त्या अभिप्रायांचे आणि जाहिरातीचे तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. तक्रारीची कुणकुण लागली की सगळ्यात आधी नाहीशी होतात ती हीच खाती.