नागीण झालीय? तोंड-शेपटीची भीती सोडा, पहिले ७२ तास सांभाळा

पेण/रोहा : अंगाच्या एकाच बाजूला आग, ठणका आणि मग पाण्याने भरलेल्या फोडांचा पट्टा उठला, की गावाकडे आजही आधी नागीण उतरवणाऱ्याचा पत्ता विचारला जातो. कंबरेला वेढा पडून तोंड-शेपूट जुळली तर माणूस दगावतो, ही त्यामागची भीती. पण तो वेढा सहसा पुरा होतच नाही. पूर्वी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी झोपून असतो. वयाने किंवा आजाराने प्रतिकारशक्ती घटली की तो जागा होतो आणि त्याच तंतूच्या वाटेने कातडीवर येतो. ही वाट पाठीच्या कण्यापासून निघते अन् पोटाच्या मध्यावर संपते.

फोड दोन ते चार आठवड्यांत बहुतेकदा आपोआप सुकतात, म्हणून श्रेय उतरवणाऱ्याला मिळतं. तोवर औषधाची वेळ मात्र निघून जाते. असायक्लोव्हिरसारख्या गोळ्या फोड उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर जास्त गुण येतो. उशीर झाला तरी डॉक्टरांना दाखवाच. पेण आणि रोहा इथे उपजिल्हा रुग्णालयं आहेत. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी सांगा, गोळीचं प्रमाण बदलावं लागतं.

घरात रुग्णाला वाळीत टाकू नका. शेजारी बसल्याने, एकत्र जेवल्याने नागीण होत नाही. फोडांतलं पाणी लागलं, तर ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत किंवा लस घेतलेली नाही त्याला कांजिण्या होऊ शकतात. त्यामुळे खपल्या धरेपर्यंत तान्हं बाळ, कांजिण्या न झालेली गरोदर सून आणि कर्करोगाचे उपचार घेणारा माणूस यांना जपा. फोड सैल सुती कपड्याने झाका, टॉवेल वेगळा ठेवा, हात लावल्यावर साबणाने धुवा. फोड फोडू नका. गेरू कुंडीला शोभतो, जखमेवर लावला तर जंतू शिरायची भीती. साध्या पाण्याने अंघोळ चालते.

फोड सुकल्यावरही काही महिने ठणका राहू शकतो, विशेषतः म्हाताऱ्यांना. आजी रात्री कण्हत असेल तर ते नाटक नव्हे. त्यावर वेगळी औषधं मिळतात.

कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ फोड आले, फोड अंगभर पसरले किंवा तापात माणूस बरळू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. डोळ्याच्या नागिणीत नजर जाऊ शकते. गाडी नसेल तर १०८ लावा.